बाळापुरातच उघडणारा फॉर्म

कीबोर्ड दुरुस्त करणाऱ्या मानसाले इंग्रजी वाचता येत नाही, हे ऐकलं का लोक हासतात. हासा बाप्पा. पोस्टमन काही लोकाईची पत्रं उघडून वाचत नाही, तरी पत्र बरोबर घरी जातेच ना. बरोबर म्हन्जे, बहुतेक वेळा. माहं एक पत्र चुकीच्या घरी गेलं होतं, त्याचंच सांगून राहिलो.

अकोल्यात माहं दुकान आहे. दुकान म्हन्जे झेरॉक्सवाल्याच्या जिन्याखालची जागा. उभं राह्यलं का डोकं लागते, म्हनून मी बसूनच असतो, अन् लोकाईले वाटते सुखदेवभाऊ कामात आहे. शाळा चौथीपर्यंत. चौथी मी दोन वर्षं केली, म्हनून तेवढी पक्की आहे. इंग्रजी तवा पाचवीपासून होती, त्याच्यानं आमची अन् तिची भेटच झाली नाही. आधी कोर्टासमोर टाइपरायटर साफ करायचो. टाइपरायटर गेले, काम्पुटर आले. मी तोच ब्रश घेऊन तिकडून इकडे आलो.

आता कीबोर्ड काय चीज आहे ते सांगतो, नाहीतर पुढचं समजनार नाही. कीबोर्डाच्या पोटात अक्षर नसते. वर प्लास्टिकचं बटन, त्याच्याखाली रबराची वाटी, त्याच्याखाली प्लास्टिकचे पातळ कागद, त्यावर चांदीवानी रेघा. तुमी बटन दाबलं का रेघ रेघेले चिटकते अन् कीबोर्ड काम्पुटरले एवढंच सांगते, 'तिसऱ्या गल्लीतलं पाचवं घर वाजलं.' त्या घरात कोन राह्यते, ते काम्पुटर ठरवते. बटनावर छापलेलं अक्षर म्हन्जे घरावरची नावाची पाटी. पाटी उचलून शेजारच्या घराले लावली, म्हनून घरातला मानूस काही बोचकं घेऊन तिकडे राह्यले जात नाही.

म्हनून चुकीचं अक्षर येते तवा मी आधी इचारतो, चहा कोनी सांडला? चहानं दोन गल्ल्या एक होतात, एक बटन दाबलं का दोन घरं वाजतात. चहा नसंल तर मंग कोन्या हुशार मानसानं काम्पुटरातली सेटिंग बदललेली असते. तेही नसंल तर दोष खुर्चीत बसलेला असते, पन तो बिलावर लिहिता येत नाही.

एकदा नांदगाव पेठेले कापडाच्या कारखान्यात गेलो. तिथला कीबोर्ड उघडला तर आत कापसाची गादी. मी साहेबाले म्हनलं, "साहेब, तुमची अक्षरं तर मस्त झोपून राहिली." साहेब हासला नाही. मी मात्र हासलो, कापूस नाकात गेला, अन् असा शिंकलो का रबराच्या शंभर वाट्या साऱ्या ऑफिसात उडाल्या. मंग साहेबासकट सहा जन गुडघ्यावर बसून वाट्या येचून राहिले. एक वाटी सापडली नाही. ती दोन वाजता साहेबाच्या डब्यात, वांग्याच्या भाजीत सापडली. चावल्यावर.

दुसरं एक अमरावतीचं सरकारी ऑफिस. नाव सांगत नाही, त्याईचे दोन कीबोर्ड अजून माह्याकडे पडले आहेत. तिथल्या साहेबाच्या लॅपटॉपवर अर्धी अक्षरं बरोबर यायची अन् अर्ध्या अक्षरांच्या जागी आकडे यायचे. त्यावर फाइल उघडलेली. बैठका झालेल्या. एक जन म्हने व्हायरस आहे, एक म्हने विरोधी गटाचं काम आहे, अन् शिपायानं आपल्या परीनं लिंबू-मिरची बांधलेली. मी गेलो अन् पाह्यलं, तर आकड्याचा, म्हन्जे नम लॉकचा, दिवा चालू. एक बटन दाबलं असतं तर झालं होतं. पन मले वाटलं, सुखदेवा, अकोल्याहून आला अन् एक बटन दाबून गेला, तर लोक काय म्हनतीन? ज्या रोगावर तीन बैठका झाल्या, त्याले निदान स्क्रू तर लागले पाह्यजे. म्हनून पेपर आथरला, लॅपटॉप खोलला, घंटाभर कपाळाले आठ्या घालून बसलो, अन् जोडता जोडता आतली एक खिट्टी मोडली. आकडे गेले, पन त्या दिवसापासून त्याचं एंटरचं मोठं बटन डुगडुगू लागलं. ते ठीक कराले मी तीनदा फुकट गेलो. चांगला होता, मी बिमार करून आलो.

हे सारं हासन्यावारी गेलं. बाळापूरचं मात्र गेलं नाही.

बाळापुरात रहीमभाईचा कॅफे आहे. दाखले, सातबारा, परीक्षेचे फॉर्म, सारं तिथं. रहीमभाईची बोटं अशी का, डोये तुमच्या तोंडाकडे अन् बोटं आपली चालूच. पंधरा वर्षांत त्यानं बटनाकडे पाह्यलं नसंल. उन्हाळ्यात त्याच्या कीबोर्डावर कोन्यातरी गिऱ्हाइकानं उसाचा रस सांडवला. बटनं चिकट झाली, एक दाबलं का तीन-तीन अक्षरं. रहीमभाईनं तो पिशवीत घालून यष्टीनं आनला.

मी सारी बटनं काढली, निरम्याच्या पान्यात भिजवली, अन् सुपात घालून घराच्या गच्चीवर वाळू घातली. बाजूले माह्या बायकोच्या, मंदाच्या, कुरड्या. अकोल्याचं ऊन कुरडईले अन् बटनाले सारखंच. चार वाजता मंदा वर गेली. तिच्या हातात सूप आलं का हात आपसूकच चालतात. तिनं बटनं पाखडली.

मी जिन्यातून ओरडलो, "अवं, काय करून राहिली? ते बटनं आहेत!"

"मंग सुपात काहून ठेवले? सुपात ठेवलेलं मी पाखडनारच."

मी वर जाऊन गच्चीभर रांगलो.

बटनं येचली. आता मी वाचून बसवत नाही, पाहून बसवतो. माह्याकडे नमुन्याचा एक जुना कीबोर्ड आहे, कोर्टातल्या टायपिस्टाचा. त्याच्याकडे पाह्यचं, तसंच चित्र हातातल्या बटनावर शोधायचं, अन् त्या घरात दाबायचं. वर्षानुवर्षं तसंच केलं. पन त्या नमुन्यावर खालच्या ओळीतली शेवटची दोन अक्षरं घासून कोरी झालेली. एरवी मी शेजारच्या झेरॉक्सवाल्याले इचारतो, पन तो त्या दिवशी लग्नाले गेलेला. बाकी सारं बसलं, हातात दोन बटनं राह्यली अन् दोन घरं. एका बटनावर एक खांब, मंग उतार, मंग एक खांब. दुसरं तसंच, पन जरा ऐसपैस, मधात दरी.

मंदाले इचारलं, "यातलं आधी कोनतं?"

ती म्हने, "पंगतीत आधी कोन बसते? मोठा मानूस. मोठं आधी बसवा, लहान त्याच्या बाजूले."

मले पटलं. आमच्याकडे सोयरीक असो का तेरवी, मोठा आधी बसते. मोठं आधी बसवलं, लहान कडेले. मंग काम्पुटरले लावून सारी बटनं एकेक दाबून पाह्यली. पडद्यावर दरवेळी काहीतरी उमटलं. काय उमटलं ते मी पाह्यलंच नाही. उमटलं म्हन्जे झालं, असं आपलं शास्त्र. चुकीची अक्षरं टाकनारे कीबोर्ड दुरुस्त करनारा मी, चुकीचं अक्षर माह्यासमोर उमटलं अन् मी त्याले पास करून टाकलं.

रहीमभाई खुश. त्याची बोटं न पाहता चालनारी, त्याले पाटीशी काय घेनं? गिऱ्हाइकं कधी बसत, एक दाबलं का शेजारचं उमटे, ते खोडत, शेजारचं दाबत. "रहीमभाई, तुमचा कीबोर्ड जरा सनकी आहे." "साइट स्लो आहे बेटा," रहीमभाई म्हने. गाडी चालली.

त्याच साली पावसाळ्यात अमरावतीच्या एका कॉलेजचं काम मले मिळालं. साठ कीबोर्ड, साफ करून द्यायचे. माह्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. कॉलेजातच नर्सिंगच्या प्रवेशाचं मदत केंद्र होतं. एक टेबल, दोन काम्पुटर, अन् मधात गावंडेसाहेब. कामाच्या चौथ्या दिवशी सकाळी मी डाव्या काम्पुटरचा कीबोर्ड साफ करून लावून दिला, उजवा मंग घेऊ म्हनलं, अन् आत लॅबमध्ये जाऊन बसलो.

चार वाजता शिपाई धावत आला. "सुखदेवभाऊ, चला. साहेब तापले."

गेलो तर टेबलासमोर एक पोरगी अन् तिचा बाप. बाप बाळापूरच्या दालमिलमध्ये हमाल, तायडेभाऊ. खांद्यावर दुपट्टा, हातात कागदाची थैली छातीशी धरलेली, जसं तिच्यात लहान लेकरू आहे. पोरगी संघमित्रा, बारावी झालेली. तिले नर्सिंगची सीट लागली होती. फक्त लॉगिन करून 'मंजूर' दाबायचं अन् कागद काढायचा. शेवटचा दिवस, पाच वाजेपर्यंत. मुदत गेली का सीट दुसऱ्याले. अन् पासवर्ड काही लागून नाही राहिला. चार वेळा चुकला. पाचव्यांदा चुकला का खातं उद्यापर्यंत बंद. नवा पासवर्ड मोबाइलवर मागवावा, तर फॉर्मवर जो नंबर टाकला होता तो तायडेभाऊचा जुना, रिचार्ज न मारल्यानं कधीचाच बंद पडलेला.

गावंडेसाहेब माह्यावर आले. "काय करून ठेवलंत? सकाळी तुम्ही हात लावला आणि तेव्हापासून कीबोर्ड चुकतोय."

मी म्हनलं, "साहेब, एकेक बटन दाबा अन् पडद्यावर पाहा. एक जरी चुकलं तर मी कान धरून उठाबशा काढतो."

साहेबानं साधी वही उघडली अन् एकेक बटन दाबलं. सारी अक्षरं बरोबर. जिथली तिथं. लोक पाहून राहिले. मले काय सांगू, माही छाती अशी फुगली का शर्टाचं बटन तुटते का काय. म्हनलं, "कीबोर्ड निर्दोष आहे साहेब. दोष खुर्चीतला असंल." असं त्या पोरीकडे पाहून म्हनलं. मले आज ते आठवलं का तोंडात मारून घ्यावंसं वाटते.

ती रडत नव्हती. म्हने, "काका, मी पासवर्ड विसरली नाही. तोच आहे. पन तो फक्त बाळापुरातच लागते."

"म्हन्जे?"

"मोबाइलवर कधीच नाही लागला. मावशीकडे अकोल्याले नाही लागला. बाळापुरात कॅफेत बसलं का दरवेळी लागे. मी इथं फोन करून इचारलं होतं, तर साहेब म्हनले..."

गावंडेसाहेब खाकरले. "बरोबर सांगितलं होतं मी. फॉर्म बाळापूर तालुक्यात भरला, तर तो बाळापूर तालुक्यातच उघडणार. कार्यक्षेत्राचा विषय आहे."

अन् हे तिथं साऱ्याईले पटलं! एक जन म्हने, "हाव ना, रेशनचंही तसंच आहे." तायडेभाऊ मान हालवून राहिले. मलेही पटलं, खोटं काहून बोलू. आपल्याकडे जन्म जिथं झाला तिथंच दाखला भेटते, मंग पासवर्ड काहून दुसरीकडे चालंल?

मी म्हनलं, "मंग बाळापुरातच काहून नाही उघडला?"

"मागच्या आठवड्यात रहीमभाईनं नवा कीबोर्ड आनला," पोरगी म्हने. "त्या दिवसापासून तिथंही लागत नाही. ते म्हनले, अमरावती मुख्यालय आहे, तिथं सारं उघडते."

रहीमभाईचं नाव ऐकलं अन् मले हातात राह्यलेली ती दोन बटनं आठवली. पासवर्ड टाकताना पडद्यावर काय दिसते? नुसते ठिपके. बाकी सारीकडे मानूस चुकीचं अक्षर पाहून खोडते, पन ठिपका तर साऱ्या अक्षराचा सारखाच. या पोरीनं माह्या पाट्या पाहून पासवर्ड केला होता. ती दाबत होती एक पाटी, आत वाजत होतं दुसरंच घर, अन् दरवेळी त्याच कीबोर्डावर तेच चुकत होतं, म्हनून दरवेळी बरोबर येत होतं.

अन् मघा मी तिलेच म्हनलं होतं, दोष खुर्चीतला.

मी म्हनलं, "जरा पानी पिऊन येतो." खरं म्हन्जे पळून चाललो होतो. व्हरांड्यात माठाजवळ उभा राह्यलो. मनात एक जन म्हने, चूप बस. कोनाले समजनार आहे? तो जुना कीबोर्ड तर गेला असंल भंगारात. साठ कीबोर्डाचं काम आहे, बोललास तर हे लोक आत्ताच्या आत्ता हाकलतीन. अन् समज बोललास अन् तुहा अंदाज चुकला, तर तिची पाचवी खेपही तुह्याच नावानं जाईन. मी माठातून ग्लास भरला. माह्या मांगं तायडेभाऊ आले. ते पानी प्याले नाही. नुसते म्हने, "भाऊ, मशिनीतलं तुमाले समजते. काही होत असंल तर पाहा. पोरगी दोन वर्षांपासून याच्याच मांगं आहे."

मी ग्लास ठेवला अन् आत गेलो.

"साहेब, चूक माही आहे," मी म्हनलं. "रहीमभाईचा जुना कीबोर्ड मी बसवला होता. मले इंग्रजी येत नाही. दोन बटनं मी अंदाजानं बसवली."

गावंडेसाहेबानं चष्मा काढला. "इंग्रजी येत नाही? आणि आमचे साठ कीबोर्ड?"

"ते नमुन्यावरून, साहेब. तिथं नमुना घासलेला होता."

"मग त्या दोन बटनांचं कशावरून ठरवलं?"

आता काय सांगू? सांगतलं. "बायको म्हने, पंगतीत मोठा आधी बसते."

कोनीतरी मांगं फुसकन हासलं. संघमित्रा नाही हासली. तिनं घड्याळाकडे पाह्यलं. चार चाळीस. "काका, कोनती दोन?"

"नावं मले नाही माहीत बाई. सगळ्यात खालच्या ओळीतली, उजवीकडची शेवटची दोन. शेजारी शेजारी आहेत."

तिनं बोट ठेवलं. "एन अन् एम?"

"असतीन. तुह्या पासवर्डात आहेत का?"

तिनं बोटावर मोजून पाह्यलं. "दोन्ही आहेत."

"मंग जिथं लहान आहे तिथं मोठं दाब, अन् जिथं मोठं आहे तिथं लहान. बाकी जसंच्या तसं."

"नक्की दोनच होती ना? तिसरं नाही?"

हा इचार मीही माठापाशी केला होता. मी म्हनलं, "दोनच. बाकीची मी चित्र पाहून बसवली. चित्र मी चुकत नाही."

गावंडेसाहेब म्हने, "विचार कर बेटा. शेवटची संधी आहे. याच्या बायकोच्या पंगतीवर तू सीट पणाला लावते आहेस."

पोरगी म्हने, "सर, तुमच्या कार्यक्षेत्रावर आठ दिवस घालवले. आता काकूची पंगत पाहू."

बापानं डोये मिटले. ती हळूहळू दाबत गेली, एकेक. ठिपके पडत गेले. सारे सारखे, काळे, काही न सांगनारे. दोन ठिकानी तिचं बोट एका बटनाकडे गेलं, थबकलं, अन् बाजूच्या बटनावर पडलं. मंग एंटर दाबलं. ते गोल चाक फिरू लागलं. सरकारी साइटचं चाक तुमाले माहीत आहे, त्याले कोनाची घाई नसते. मी त्या चाकाकडे पाहून मनातल्या मनात म्हनलं, मंदा, आज तू चुकलीच असशीन तर बरं.

पान उघडलं. वर तिचं नाव, बाजूले तिचा फोटो.

तायडेभाऊनं थैली टेबलावर ठेवली अन् तोंड दुपट्ट्यात घातलं. ती 'मंजूर' दाबून मोकळी झाली, कागद निघाला, गावंडेसाहेबानं शिक्का मारला. पाचाले आठ कमी होते. शिक्का मारता मारता साहेब म्हने, "म्हणजे मी म्हणत होतो तेच निघालं शेवटी. प्रश्न बाळापूरचाच होता."

खरं तर मले तेही पटलं.

मंग साहेबानं प्राचार्याले फोन लावला. साठपैकी चाळीस झालेले होते, ते चाळीसही बारावी पास शिपायाकडून एकेक अक्षर तपासून घ्यायचं ठरलं, अन् पुढच्या वर्षी बोलावू नये असंही. मी म्हनलं, बरोबर आहे. दुसरं काय म्हनू?

पोरीले मी म्हनलं, "बेटा, पासवर्ड आत्ताच बदलून घे. तो उलटासुलटा किती दिवस ध्यानात ठेवशीन?"

"हाव काका." तिनं हात उचलले अन् डाव्या काम्पुटरच्या कीबोर्डावर तसेच अधांतरी थांबवले. पांढरी, चकचकीत बटनं, एकेक धुतलेलं. मंग माह्याकडे पाह्यलं. "काका, हा कीबोर्ड तुमीच साफ केला ना?"

"हाव. आज सकाळीच."

ती उठली, उजव्या काम्पुटरपुढची खुर्ची ओढली, अन् त्या काळ्या-तेलकट, पोह्याचे कन अडकलेल्या कीबोर्डावर जाऊन बसली.